आमचं घर विमानाला अडतं की विमान आमच्या घराला? (दाबोळी, हाईट एनओसी)

टाकीवरचा_कावळा | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र. आज घरात वाद झाला, झोप येईना, म्हणून पहिलाच धागा काढतोय.

चिखलीच्या अंगाला, गोव्यातल्या दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीच्या रांगेत पूर्वेकडे आमचं जुनं घर आहे. टेकडीच्या उतारावर, चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. आजोबांनी बांधलं तेव्हा दिवसाला एखादं विमान यायचं आणि घरातली पोरं अंगणात धावत जाऊन हात हलवायची. आता आम्ही दोघे भाऊ, दोन संसार. कौलं उतरवून वर एक मजला, त्यावर टाकी, एवढाच बेत. नकाशे झाले, पैशांची जुळवाजुळव झाली, मग कळलं की आधी नौदलाची (विमानतळ त्यांच्या ताब्यात) हाईट एनओसी, म्हणजे अमुक उंचीपर्यंत बांधायला हरकत नाही असा दाखला, हवी. ती आली. तिच्यात लिहिलंय 'अनुज्ञेय माथा ७६ मीटर'. आमच्या आर्किटेक्टने वजाबाकी करून सांगितलं, तुम्हाला जमिनीपासून साडेसहा मीटर. आत्ताचं घरच आढ्यापर्यंत साडेपाच भरतं!

आणि उताराला खाली, दोनशे पावलांवर, चार मजली बिल्डिंग उभी आहे. तिला चालतं, आम्हाला नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. एखादी इमारत, टॉवर, झाड विमानाला धोका आहे की नाही हे ठरवतात कसं? कोण येऊन बघतं? की नकाशावर पट्टी ठेवली आणि संपलं? साडेसहा मीटरवरून जाणारं विमान मी तरी जन्मात पाहिलेलं नाही.

---

घुमट | सोमवार, रात्री १०:२०

साडेसहा मीटरवरून विमान गेलं तर एनओसी नको, कौलं वेचायला गोणी लागेल. (हलके घ्या.)

---

सोलकढी_रोज | सोमवार, रात्री १०:३१

सेटिंग. दुसरं काय? खालची चार मजली काय पावसाने उगवली?

---

मोजणीदार | सोमवार, रात्री ११:०५

सोलकढीबाय, सगळीकडे सेटिंग दिसली की मोजायची मेहनत वाचते. माझं उभं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलं, तेव्हा थोडं मोजूनच बोलतो.

कावळेबाब, कागदावरचे ७६ मीटर तुमच्या अंगणापासून नाहीत, समुद्रसपाटीपासून आहेत. घोळ होतो तो इथेच. चवथीला आपण गणपतीवर माटोळी, म्हणजे फळं-भाज्या टांगलेली लाकडी चौकट, बांधतो ना? माटोळी सपाट. तिच्याखाली एक पोर जमिनीवर उभं, दुसरं पाटावर, तिसरं स्टुलावर. तिघांची उंची सारखी असली तरी स्टुलावरच्याचं डोकं आधी काकडीला लागणार. विमानतळाभोवती अशीच एक न दिसणारी माटोळी आहे. तुम्ही स्टुलावर, खालची बिल्डिंग जमिनीवर. तिच्या पायाची लेव्हल ५८ धरा. ७६ उणे ५८, तिला १८ मीटर मिळतात. चार मजले आरामात.

आता ही माटोळी कशी बांधतात ते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट १४ आहे, त्यातली मापं. मोठ्या धावपट्टीभोवती ४ किलोमीटरपर्यंत एक सपाट छत, विमानतळाच्या लेव्हलपेक्षा ४५ मीटर वर. दाबोळीचं पठार ५६ मीटरच्या आसपास, म्हणजे छत साधारण १०१ मीटरवर. त्याच्या कडेपासून बशीसारखा ५ टक्क्यांचा चढ, २ किलोमीटर जाईपर्यंत आणखी १०० मीटर वर. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना, लांबीच्या कडेने, ७ ला १ अशा उताराच्या भिंती.

तुमचा विषय मात्र तिसराच. तुम्ही धावपट्टीच्या टोकासमोर आहात. तिथे उतरण्याचा मार्ग आहे, ज्याला लोक फनेल म्हणतात. टोकापासून ६० मीटर सोडून तो सुरू होतो आणि पहिले ३ किलोमीटर २ टक्क्यांनी चढतो, पुढचे ३.६ किलोमीटर अडीच टक्क्यांनी. तुमचं घर समजा टोकापासून १४०० मीटरवर. मग १३४० चे २ टक्के, २६.८ मीटर. त्यात त्या टोकाची लेव्हल मिळवा, तुमच्या ७६ च्या जवळपास पोचाल. पट्टी ठेवून केलेलं नाही, आणि कुणाला चहा पाजूनही केलेलं नाही.

---

रापण | सोमवार, रात्री ११:१४

म्हणजे वास्कोत दर्यावेळेर पाच मीटर लेव्हलला माझी जागा असेल तर मला ९६ मीटर? कितें सांगता! तीस मजले!

---

मोजणीदार | सोमवार, रात्री ११:१९

त्या एका छताच्या हिशेबाने हो, फनेलमध्ये नसाल तर. मग सीआरझेड (किनाऱ्याजवळच्या बांधकामाचे नियम) आहे, एफएआर (जागेच्या मानाने किती बांधायचं ते) आहे, पालिका आहे, आणि तुमची बायकोही आहे.

---

पेडण्याचो_पात्रांव | मंगळवार, सकाळी ७:४८

आमच्याकडे मोपा, गोव्याचा दुसरा विमानतळ. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू. तोवर पेडण्यात कुणाला हाईट हा शब्द ठाऊक नव्हता. आता मोबाईल टॉवर उभारायचा तरी आधी तोच विचार.

एक मजा सांगतो. हे नियम विमानतळापासून २० किलोमीटरच्या घेऱ्याला लागतात, आणि मोप्याच्या पठारावरून २० किलोमीटरचं वर्तुळ काढलं की अर्धंअधिक गोव्याबाहेर जातं. बांदा, सातार्डा, सगळं आत. माझी आत्या सातार्ड्याला. विमानतळ गोव्याचा, जिल्हा सिंधुदुर्ग, पंचायत महाराष्ट्राची आणि एनओसी दिल्लीच्या नियमाने. आत्या म्हणते, विमान बघायला नदीपलीकडे जायचं आणि परवानगीही पलीकडच्या विमानासाठी काढायची!

पण खरी भानगड माडाची. आमच्या वाडीत वीस-बावीस मीटरचे माड आहेत. पठाराखाली असल्याने अजून कुणी विचारलेलं नाही. झाडं पण मोजतात का हो?

---

घुमट | मंगळवार, सकाळी ८:०२

माड झाड आहे का ते आधी ठरवा. गोव्यात २०१६ ला कायद्याने माडाचं झाडपण काढून घेतलं होतं आणि २०१७ ला परत देऊन वर राज्यवृक्षाचा मान दिला. मधल्या काळात विमान माडाला लागलं असतं तर ते कशाला लागलं म्हणून लिहिलं असतं?

---

मोजणीदार | मंगळवार, सकाळी ८:४०

पात्रांव, झाडं मोजतात. १९३४ च्या विमान कायद्यात कलम ९अ होतं, त्यात इमारतींबरोबर झाडंही होती. त्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने घेतली, १ जानेवारी २०२५ पासून. अडथळा ठरलेल्या इमारती पाडण्याचे आणि झाडं तोडण्याचे १९९४ चे वेगळे नियमही आहेत. इमारत एकदा बांधली की वाढत नाही. माड दर वर्षी वाढतो. म्हणून विमानतळवाल्यांना अडथळ्यांची मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

---

हवाई_हवालदार | मंगळवार, सकाळी १०:२५

मोजणीदारांनी भूमिती चोख सांगितली. माझी नोकरी विमानतळाच्या काचेच्या खोलीत गेली (कुठल्या ते राहू द्या). दुसरी बाजू सांगतो, कारण कावळेबाबांचा खरा प्रश्न 'साडेसहा मीटरवरून विमान कुठे जातं' हा आहे.

जात नाही. रोजचं विमान १४०० मीटरवर तुमच्या माथ्यावरून बऱ्याच उंचावरून जातं. ३ अंशांच्या उताराने उतरणारं विमान टोकाच्या साधारण १५ मीटर वरून आत येतं, त्यामुळे १४०० मीटर अलीकडे ते टोकाच्या लेव्हलपेक्षा ८५-९० मीटर वर असतं. तुमची माटोळी त्याच जागी २७ मीटरवर. मधले साठेक मीटर कशासाठी राखले? ज्या दिवशी गोष्टी जागेवर नसतात त्या दिवसासाठी. वाऱ्याने विमान दबतं, वैमानिक खाली येतो, धावपट्टी दिसत नाही म्हणून पुन्हा वर उचलतो.

उड्डाणाचं गणित तर याहून कडक. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन नेमकं उड्डाणाच्या क्षणी बंद पडलं तरी ते वर गेलं पाहिजे, हा प्रमाणपत्राचा नियम आहे. चाकं आत घेतल्यावर किमान २.४ टक्के चढ. त्यातून सुरक्षेसाठी ०.८ टक्के वजा करतात. उरला १.६ टक्के. म्हणजे १ किलोमीटर पुढे गेल्यावर १६ मीटर वर. एवढ्यात समोरच्या अडथळ्याच्या किमान ३५ फूट वरून निघालं पाहिजे. समोर टॉवर असेल तर कंपनी काय करते? माणसं किंवा माल कमी भरते.

आता पावसाळा. आपल्याकडे जून-जुलैत ढग छपरावर येऊन बसतात. वैमानिकाला एक ठरलेली उंची दिलेली असते. तिथपर्यंत खाली यायचं, धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही तर वर जायचं. ही उंची परिसरातल्या उंच वस्तू बघून ठरते. एक टॉवर चुकीच्या जागी उगवला की ती वर सरकते. टॉवरला कुणी धडकत नाही. पण मुसळधार पावसात ज्या विमानाला कालपर्यंत धावपट्टी दिसायची, त्याला आज त्या वरच्या उंचीवरून नुसता कापूस दिसतो. मग बंगळूर किंवा मुंबई. तुमचा भाऊ चवथीला घरी येतोय आणि बंगळुरात बसून चहा पितोय, ही त्या टॉवरची किंमत. अपघाताच्या बातमीत ती कधी येत नाही.

---

खाजें_बुंदी | मंगळवार, सकाळी १०:५१

हवालदारबाब, मागच्या चवथीला माझ्या दिरांचं असंच झालं. मोदक निवले. तेव्हा आम्ही विमान कंपनीला शिव्या घातल्या होत्या.

---

सोलकढी_रोज | मंगळवार, सकाळी ११:१०

चला, आता बंगळूरच्या चहाचं खापरही कावळ्याच्या टाकीवर.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. सामान्य माणसाला एक मजला मिळत नाही आणि तारांकित हॉटेलं टेकड्यांवर उभी. मापं सगळ्यांना सारखी लागतात यावर माझा विश्वास नाही.

---

तिसरो_मजलो | मंगळवार, दुपारी १:३०

सोलकढीताई, अर्धं तुमचं खरं, अर्धं मोजणीदारांचं. माझा अनुभव ऐका, फुकटात.

मी मुरगाव तालुक्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बिल्डरचं नाव घेत नाही. एनओसी होती, ती मी बघितली होती, झेरॉक्ससुद्धा आहे. एनओसी गच्चीच्या स्लॅबपर्यंत बरोबर बसत होती. पण नंतर त्याने वर जिन्याची खोली चढवली, तिच्यावर लिफ्टची मशीनरूम, तिच्यावर पाण्याच्या टाक्या, आणि टाकीवर वीजवाहक दांडा. त्याला वाटलं उंची म्हणजे माणसं राहतात तिथपर्यंत. उंची म्हणजे दांड्याच्या टोकापर्यंत! मोजणीत निघालं अडीच मीटर जादा. ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला जायचा दाखला, अडकली. आम्ही बारा कुटुंबं दीड वर्ष भाड्याच्या घरात, हप्ते चालू. शेवटी टाक्या उतरवून खाली जमिनीवर ठेवल्या आणि प्रेशर पंप बसवला. मशीनरूमचं डोकं फोडलं ते हातोड्यांचे आवाज अजून कानात आहेत.

आणि क्रेन! इमारत बसते माटोळीखाली, पण बांधायला आणलेली टॉवर क्रेन तिच्याहून पंधरा मीटर उंच. ती तात्पुरती असली तरी तिलाही परवानगी लागते. विमानाला काय ठाऊक क्रेन सहा महिन्यांनी जाणार आहे?

---

रापण | मंगळवार, दुपारी १:४४

आणि बोटी? मुरगाव बंदरात मोठी जहाजं येतात, त्यांच्या डोलकाठ्या?

---

हवाई_हवालदार | मंगळवार, दुपारी २:१५

जहाजं, रस्त्यावरचे ट्रक, रेल्वेचे डबे, सगळे हलते अडथळे म्हणून धरतात. उतरण्याच्या मार्गाखालून रस्ता जात असेल तर रस्त्याची नुसती लेव्हल पुरत नाही, त्यावरून जाणाऱ्या सगळ्यात उंच गाडीची उंची मिळवतात.

---

फातोर्ड्याची_फॅन | मंगळवार, दुपारी ३:०२

अहमदाबादला जून २०२५ मध्ये विमान इमारतीवर पडलं तेही उंचीमुळेच ना? तेव्हापासून मला विमानतळाजवळची प्रत्येक बिल्डिंग भीतीची वाटते.

---

हवाई_हवालदार | मंगळवार, दुपारी ३:२०

नाही. ते विमान उड्डाणानंतर काही सेकंदांत शक्ती गमावून खाली आलं आणि वसतिगृहावर पडलं. प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तुटल्याचं आहे. इमारत विमानाच्या वाटेत उंच होती म्हणून नव्हे. पण त्यानंतर काही दिवसांतच अडथळे पाडण्याच्या नव्या नियमांचा मसुदा निघाला हे खरं. लोकांच्या डोक्यात दोन्ही एक झालं.

---

मावशी_न्यूजर्सीहून | मंगळवार, रात्री ८:४०

इथे अमेरिकेत दोनशे फुटांहून (६१ मीटर) उंच काहीही बांधायचं, किंवा धावपट्टीजवळ ठरावीक उताराच्या वर जाणारं, तर फेडरल एव्हिएशनला (इथलं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) निदान ४५ दिवस आधी अर्ज भरून कळवावं लागतं. ते अभ्यास करतात आणि पत्र देतात, 'धोका आहे' किंवा 'धोका नाही'. गंमत म्हणजे धोका आहे म्हटलं तरी बांधकाम थांबवायचा हक्क त्यांना स्वतःला नाही! तो गावाच्या झोनिंगचा. पण असं पत्र हातात असलं की विमा आणि कर्ज देणारे दारातूनच परत पाठवतात, मग कोण बांधतो? माझे यजमान टॉवरचं काम करायचे, त्यामुळे हे घरात ऐकून ऐकून पाठ.

---

पेडण्याचो_पात्रांव | मंगळवार, रात्री ८:५५

म्हणजे तिथे बँक अडवते, इथे एनओसी. आमच्याकडे बँकेला विमान दिसतच नाही, तिला फक्त सातबारा दिसतो. (गोव्यात एक-चौदा. गोव्याच्या लोकांनी मारू नये.)

---

कुळागर | मंगळवार, रात्री ९:३०

अवांतर: आमच्याकडे दाबोळीच्या सकाळी म्हणजे नौदलाच्या मिग-२९के ची गर्जना. शाळेत असताना गणिताचे मास्तर आवाज येताच खडू खाली ठेवायचे आणि आम्ही फळ्यावरच्या गणिताला टाटा करायचो. आयएनएस हंसाच्या (दाबोळीचा नौदलाचा तळ) या सरावामुळेच कित्येक वर्षं कामाच्या दिवशी सकाळच्या वेळी नागरी विमानांना दाबोळी बंद असायची. पुण्याहून येणाऱ्या पाव्हण्यांना हे कधी समजलं नाही. 'एवढा मोठा विमानतळ आणि सकाळी झोपतो?'

---

घुमट | मंगळवार, रात्री ९:३६

गोव्यात दुपारी सगळंच झोपतं, विमानतळाने निदान वेळ बदलली.

---

खाजें_बुंदी | मंगळवार, रात्री ९:४१

धागा भलतीकडे भरकटायच्या आत विचारते. टॉवरवर लाल दिवे असतात ते कशाला? माझा नातू विचारतो, 'आज्जी, त्याला ताप आलाय का?' दिवा लावला की टॉवर उंच चालतो का?

---

हवाई_हवालदार | मंगळवार, रात्री १०:०४

नातवाला सांगा, ताप नाही, तो 'मी इथे आहे' म्हणून ओरडतोय.

दिवा लावला म्हणून माटोळी फोडायची सूट मिळत नाही. उंची आधी बसली पाहिजे. मग ढोबळ मानाने ४५ मीटरपर्यंत मंद लाल दिवा, ४५ ते १५० मध्यम, १५० च्या वर तीव्र. दिवसा दिसावा म्हणून लाल किंवा केशरी आणि पांढरे पट्टे. पट्ट्याची रुंदीही ठरलेली आहे, टॉवरच्या लांबीच्या सातव्या हिश्शाएवढी किंवा ३० मीटर, यांत जे कमी असेल ते.

बरं, उंचीच नव्हे, कशापासून बांधलं तेही बघतात. उतरणाऱ्या विमानाला खाली यायची वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा आपला किरण जमिनीवरून परावर्तित करून घडवते. जवळ पत्र्याची मोठी शेड आली की किरण वाकडा होतो. शेड चार मीटरची असेल, माटोळीला शिवतही नसेल, तरी धोका. म्हणून रडार आणि अशा यंत्रांभोवती वेगळी बंधनं.

---

मोजणीदार | मंगळवार, रात्री १०:२२

आणि सोलकढीबायच्या मुद्द्यावर. ३० सप्टेंबर २०१५ च्या नियमांनी (जीएसआर ७५१(ई)) एक चांगली गोष्ट केली, रंगीत नकाशा. विमानतळाभोवतीचे चौकोन रंगवलेले, प्रत्येक रंगाला समुद्रसपाटीपासून एक उंची. त्या उंचीखाली बांधायचं तर पालिका किंवा पंचायतच परवाना देऊ शकते. लाल चौकोनात मात्र एनओसी काढावीच लागते. नागरी विमानतळांसाठी ऑनलाईन अर्ज, लष्करी ताब्यातल्यांसाठी त्या त्या दलाकडून. दाबोळी नौदलाकडे, मोपा नागरी, म्हणून दोन तालुक्यांत दोन वाटा. टेबलाखालचं मी नाकारत नाही, पण निदान आकडा आता सगळ्यांना दिसतो. निकाल पटला नाही तर अपील आहे. आपल्यापुढे आधीच एखादी मोठी न हलणारी गोष्ट असेल, टेकडी किंवा जुनी इमारत, आणि आपण तिच्या आडोशात बसत असू, तर त्याचाही विचार होतो.

कावळेबाब, तुम्ही गप्प. एक विचारतो. तुमचा साडेसहाचा आकडा कुणी, जमिनीचा कुठला बिंदू धरून काढला? घर उतारावर आहे म्हणालात.

---

टाकीवरचा_कावळा | बुधवार, रात्री ९:१५

मोजणीदारकाका, तुमचा प्रश्न वाचला आणि सकाळी कामावर दांडी मारली.

अर्जात जागेची लेव्हल ६९.५ लिहिलेली आहे. ७६ उणे ६९.५, साडेसहा. पण ६९.५ कुठली? आर्किटेक्टला फोन केला. तो म्हणाला, 'प्लॉटचा सगळ्यात उंच बिंदू धरायचा असतो.' आमचा सगळ्यात उंच बिंदू म्हणजे मागची आंब्याची जागा! घर तिच्या दोन टप्पे खाली आहे. मध्ये चिऱ्याचे दोन गडगे.

भाऊ आणि मी गवंड्याची पाण्याची नळी आणली. पारदर्शक नळी, तीस फूट, आत पाणी. एका टोकाला तो, एका टोकाला मी. 'बुडबुडा काढ', 'वर कर', 'अरे धर सरळ'. आई ओसरीवरून बघत होती, तिला वाटलं आम्ही परत भांडतोय. वरच्या गडग्यापाशी एक खूण, खालच्या गडग्यापाशी दुसरी, मग घराच्या जोत्याखालची जमीन. बेरीज आली ३.९ मीटर. खात्रीसाठी चिऱ्याचे थर मोजले, वरच्या गडग्यात अकरा, खालच्यात नऊ. जुळतं.

म्हणजे घराखालची जमीन ६५.६. आणि माथा तोच ७६. माझ्याकडे १०.४ मीटर आहेत का?

---

सोलकढी_रोज | बुधवार, रात्री ९:२१

सेटिंग नव्हती तर! आर्किटेक्टची वजाबाकी होती. बरें, मी एक पाऊल मागे. एकच.

---

मोजणीदार | बुधवार, रात्री ९:५०

आहेत, पण थांबा. नळीचं माप अंगणात चालतं, अर्जात नाही. एनओसी अर्जातल्या लेव्हलवर दिलेली असते, आणि ती लेव्हल चुकीची निघाली तर एनओसीच लटकते. अधिकृत सर्व्हेअरकडून बेंचमार्कपासून (समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की ठाऊक असलेली खूण) लेव्हल आणून घ्या, जिथे इमारत बसते तिथली. सोबत अक्षांश-रेखांशही. नव्याने अर्ज करा, जुन्यावर मजला चढवू नका. आणि सर्व्हेअर नुसता मोबाईलचा जीपीएस काढून उंची सांगू लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. जीपीएस मुळात पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून उंची मोजतो, समुद्रापासून नाही. आपल्या किनाऱ्यावर वाळूत उभं राहिलं तरी त्या हिशेबाने आकडा उणे येतो.

आता टाकी. तुमच्या नकाशात जोतं, दोन मजले, जिन्याची खोली आणि तिच्या डोक्यावर टाकी असणार. जोतं ०.६, दोन मजले ६.२, खोली २.४, टाकी १.५. बेरीज करा.

---

टाकीवरचा_कावळा | बुधवार, रात्री ९:५८

१०.७. तीस सेंटिमीटर जादा.

---

तिसरो_मजलो | बुधवार, रात्री १०:०१

टाकी जिन्याच्या खोलीवर ठेवू नका, बाजूला स्लॅबवर ठेवा. वरच्या न्हाणीघरात नळाला जोर कमी येईल, छोटा पंप लावा. माझ्याकडे पंपवाल्याचा नंबर आहे, खाजगी निरोपात पाठवतो.

---

हवाई_हवालदार | बुधवार, रात्री १०:१०

डिश अँटेना विसरू नका. आणि एनओसीला मुदत असते, इमारतींना साधारण ८ वर्षं. कौलं उतरवायला भावाभावांत आठ वर्षं लावू नका.

---

टाकीवरचा_कावळा | बुधवार, रात्री १०:२६

मग स्लॅबवर टाकी, ९.२ ला जिन्याची खोली संपते. डिश खोलीच्या भिंतीला खाली. शुक्रवारी सर्व्हेअर येतोय, आर्किटेक्टला सांगितलंय की तूही ये आणि आंब्याखाली उभा राहू नको.

बाबांना सगळं समजावलं. ते म्हणाले, 'आंबा किती मीटरचा ते मोजलं का?'

---

घुमट | बुधवार, रात्री १०:२९

मोजलं का?

---

टाकीवरचा_कावळा | बुधवार, रात्री १०:४०

वरच्या टप्प्यावर आहे. लेव्हल ६९.५. आंबा निदान नऊ मीटर.

---

मोजणीदार | बुधवार, रात्री १०:४३

शुक्रवारी कोयता घेऊन ठेवा. शेंडा फक्त.